सात ठोके आणि एक रिकामा

“तू सांग त्याला,” धैर्यशील म्हणाला. “तुझ्या तोंडून ऐकलं की माणसाला वाईट वाटत नाही.”

“का बरं?”

“तू बोललेलं कुणी मनावर घेत नाही.”

पंचवीस वर्षांच्या मैत्रीनंतर मिळालेलं हे प्रशस्तिपत्र घेऊन मी अन्वरच्या शेडच्या दाराबाहेर उभा होतो. रविवार होता, दुपारचे दोन वाजले होते. आत अन्वर मुजावर, आमचा ड्रमर, आपल्या लेथवर स्वतः बनवलेल्या पान्याने ड्रम आवळत होता आणि शीळ घालत होता. त्याला सांगायचं होतं ते एवढंच, की संध्याकाळी सहानंतर तू आमच्या बँडमध्ये नाहीस.

“आत्ताच सांगू?”

“आत्ता नको. आज जमलं नाही तर सांग. पण सहाच्या आत. सहाला मला पुण्याच्या महोत्सववाल्यांना फोन करायचाय. त्यांनी एक ड्रमर तयार ठेवलाय. मशीन आहे मशीन, इकडचा ठोका तिकडं होत नाही.”

“आणि जमलं तर?”

धैर्यशीलने माझ्याकडे, दवाखान्याबाहेर नातेवाइकांकडे बघतात तसं पाहिलं. “महिना झाला, मग्या. जमणार नाही.”

आतली शीळ थांबली. पाना अडकला असेल, असं मला वाटलं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आमच्या बँडचं नाव ‘घण’. धैर्यशील निंबाळकर गाणार आणि गिटार वाजवणार, अन्वर ड्रमवर आणि मी, अजित मगदूम, बेसवर. बेस गिटार म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर सांगतो. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या मागे एकजण उभा असतो. तो नसला तर फोटो सुना वाटतो आणि असला तर कुणाला दिसत नाही. तो मी. दिवसा मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. दोन्हीकडे कामाचं स्वरूप सारखंच होतं.

आम्ही मेटल वाजवायचो. हे काय असतं ते मी एकदा वडिलांना समजावून सांगितलं होतं. गिटार फाटेपर्यंत वाजवायची, ड्रम फुटेपर्यंत बडवायचा आणि गाणाऱ्याने बेंबीच्या देठापासून ओरडायचं. आमचं घर जैन, मुंगी मेली तरी हळहळणारं. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग डॉक्टर काय म्हणतात?”

पहिली कॅसेट आम्ही एक्याण्णव साली काढली. कोल्हापूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत अन्वरच्या वडिलांची लेथची शेड होती, तिथे. पलीकडे, मध्ये फक्त एक पत्रा सोडून, फोर्जिंगचा कारखाना होता. तापवून लाल केलेलं लोखंड साच्यावर ठेवायचं आणि वरून दोन टनांचा घण सोडायचा. सात ठोक्यांत ट्रॅक्टरचा एक हूक तयार. मग क्षणभर शांतता, मग पुढचे सात. आम्ही उसना टेपरेकॉर्डर घेऊन चार दिवस तो घण थांबायची वाट पाहिली. तो थांबला नाही. पाचव्या दिवशी आम्ही सगळी गाणी त्याच्यावरच बसवली. सात ठोके आणि आठवा रिकामा.

तोच आमचा आवाज झाला. गाण्याच्या खाली जमीन हलल्यासारखा घण पडायचा आणि अन्वरचा ड्रम त्याच्याबरोबर, केसभरही मागेपुढे न होता. लोक म्हणायचे, हा माणूस नाही, घड्याळ आहे. अन्वर लाजायचा.

त्र्याण्णव साली दुसऱ्या कॅसेटला मुंबईचा स्टुडिओ मिळाला. तिथे घण नव्हता. म्हणून कानाला इअरफोन लावून त्यात ठेका मोजणारी टिकटिक सोडायची, ही कल्पना मी काढली. बँडमधली ती माझी एकुलती एक कल्पना, त्यामुळे मला तिचा अभिमान होता आणि तेव्हापासून वाजवताना माझ्या कानातला इअरफोन कधी निघाला नाही. कॅसेट बाहेर आली आणि लोक म्हणाले, साफ आहे. मेटलला साफ म्हणणं म्हणजे पैलवानाला नाजूक म्हणणं. तिसऱ्या कॅसेटमध्ये धैर्यशीलने बासरी घातली. चौथी निघालीच नाही.

आणि मग वीस वर्षांनी कुणीतरी ती पहिली कॅसेट इंटरनेटवर टाकली. नॉर्वेतल्या एका गृहस्थाने आमच्या रिकाम्या आठव्या ठोक्यावर दीड पान लिहिलं. त्यांना त्यात ईश्वराची अनुपस्थिती ऐकू आली होती. ते वाचून पुण्यातल्या मेटल महोत्सववाल्यांनी धैर्यशीलला गाठलं. शेवटचा, मानाचा कार्यक्रम तुमचा, म्हणाले. अट एकच. आवाज पहिल्या कॅसेटचा पाहिजे. रविवारी संध्याकाळपर्यंत एक गाणं वाजवून पाठवा, सोमवारी जाहिरात छापायला जाईल.

तो रविवार हा.

महिनाभर आम्ही घाम गाळला, पण तो आवाज काही येत नव्हता. आणि चूक उघड उघड अन्वरची होती. ध्रुपदाला तो पळायचा, कडव्याला रेंगाळायचा. धैर्यशील फोनवर टिकटिक लावून त्याच्या नाकासमोर धरायचा. पहिल्या मिनिटातच दोघांची ताटातूट व्हायची. जो माणूस दोन टनांच्या घणाबरोबर राहिला, तो फोनबरोबर का राहत नाही, हे कुणालाच कळत नव्हतं. अन्वरला तर अजिबातच नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी म्हटलं, घणच आणू या. शेजारचा जुना घण अजून जागेवर होता, मंगळवारी भंगारात जायचा होता. मालक म्हणाले, रविवारी त्याच्यावर शेवटचे चाळीस नग काढायचेत, तुम्ही खुशाल वाजवा. फक्त तो चालवणारा माणूस आता आमच्याकडे नाही. हिंदुराव पोवार. रिटायर होऊन गावाकडं म्हशी बघतोय.

त्याच सकाळी मी स्कूटरवरून वडणग्याला जाऊन त्यांना घेऊन आलो होतो. पासष्टीचे, किडकिडीत, डोक्याला पटका, पायात मात्र कारखान्याचे जुने बूट. पंचवीस वर्षांत आम्ही त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. पत्र्याच्या पलीकडे घण चालवणारं कुणी असेल, हाच विचार आमच्या डोक्यात आलेला नव्हता.

“त्यो डावरा पोरगा हाय न्हवं अजून?” त्यांनी मागून विचारलं.

“अन्वर? आहे की. पोरगा कसला आता, पुढच्या वर्षी आजोबा होईल.”

“मग झालं.”

“काय झालं?”

“खड्डं बघा सायब.”

ज्याला कधी भेटले नाहीत तो डावखुरा आहे हे यांना कसं माहीत, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पण मी खड्डे बघत होतो.

अडीच वाजता पलीकडची भट्टी लाल झाली. धैर्यशील हिंदुरावांना सूचना द्यायला गेला. मागोमाग मी.

“मामा, हा फोन इथं टांगतो. दर दोन सेकंदाला हा दिवा लागेल. दिवा लागला की एक ठोका. सात झाले की आठवा सोडायचा.”

“कुणासाठी?”

“म्हणजे?”

“दोन सेकंद कुणासाठी?”

“घड्याळासाठी.”

“बरं,” हिंदुराव म्हणाले. त्यांनी पायाखालचं पायडल चाचपून बघितलं. “आणि ऐका. साच्यावर लाल नग असल्याबिगर मी घण सोडणार न्हाई. रिकामा घण मारला की साचा फुटतुया. चाळीस नग हायत, तेवढंच. आणि पाचला भट्टी बंद.”

मी हिशेब केला. आमच्या ‘तांबडी राख’ या गाण्याला तेरा नग लागत. म्हणजे तीन वेळा वाजवता येणार होतं. एक नग शिल्लक.

तीन वाजता पहिली खेप. अन्वरने डाव्या हातातली काठी वर केली, पलीकडून पहिला घण पडला, पायाखालची फरशी हलली, आणि अर्धा मिनिट मला पंचवीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. मग ध्रुपद आलं. अन्वर सुटला. घण आपला दोन सेकंदांनी पडतोय आणि अन्वर पुढे निघून गेलाय. त्याच्या ठोक्यांच्या मधल्या जागांत घण असा पडायला लागला, जसं कीर्तनात कुणीतरी बरोबर चुकीच्या वेळी शिंकावं. अन्वरने सावरायला म्हणून वेग आवरला तर फारच आवरला. धैर्यशील गाता गाता मागे वळून त्याच्याकडे बघत होता आणि ज्या तोंडाने गात होता त्याच तोंडाने दात खात होता. हे दोन्ही एकदम फक्त मेटलमध्येच जमतं.

गाणं संपलं. 

“परत घेऊ,” अन्वर म्हणाला.

“घेऊ ना,” धैर्यशील म्हणाला. “मग्या, आम्हालाही इअरफोन दे. तिघंही लावू.”

दुसरी खेप. कानात टिकटिक, भिंतीपलीकडे घण, दोन्ही एका मापात. अन्वरने खालच्या ओठावर दात रोवले आणि सबंध गाणं तो टिकटिकीच्या बाहेर एक पाऊल पडला नाही. मीही पडलो नाही. मी तर तेवीस वर्षं पडलो नव्हतो. संपल्यावर आम्ही ते ऐकलं. सरकारी परिपत्रकासारखं झालं होतं. चूक एकही नाही आणि दुसऱ्यांदा वाचवत नाही.

“ही दुसरी कॅसेट झाली,” धैर्यशील हळू आवाजात म्हणाला.

“बरोबर तर वाजलं सगळं,” अन्वर म्हणाला.

“तेच तर.”

धैर्यशीलने घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी एवढीशी दाराकडे हलवली. अन्वर बाहेरच्या नळावर तोंड धुवायला गेला होता. मी मागोमाग गेलो.

तो नळाखाली मनगटं धरून उभा होता. मनगटं सुजली होती.

“मग्या,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “कॅसेटमधी मीच आहे ना रे?”

“दुसरा कोण असणार?”

“महिनाभर रोज ऐकतोय. बायको म्हणती, पुरे करा, भिंतीचं प्लास्टर पडंल. ऐकतोय आणि वाटतंय, ह्यो कोण पोरगा आहे? ह्येला भीती कशी वाटत न्हाई?” त्याने नळ बंद केला. “लेथवर माझा एक सूत इकडचं तिकडं होत न्हाई. लोक पुण्यावरनं जॉब पाठवतात माझ्याकडं. आणि इथं बसलो की हाताला कळतच न्हाई पुढं जायचं का मागं. मी एकच गोष्ट बरी केली आयुष्यात, ती कॅसेट. तीबी आता कुणीतरी दुसऱ्यानंच केल्यागत वाटाय लागलीय.”

मी तोंड उघडलं. एवढं सांगण्यासाठी माणसाला लागणारे शब्द फार तर पाच. त्यातला पहिला जिभेवर आला होता.

“चहा हाय का न्हाई हितं?” मागून आवाज आला.

हिंदुराव कारखान्यातून बाहेर आले होते. फडक्याने हात पुसत ते अन्वरसमोर उभे राहिले आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“तू आज असा का वाजवतोयस रं? मांडीला मांडी बांधल्यागत?”

“घणाला धरून राहायला बघतोय, मामा.”

“कशापायी?”

“कशापायी म्हणजे? पहिल्यापासनं तसंच वाजवतोय की. घण धरून.”

“कोण म्हणलं?”

आत गिटारची तार लावत बसलेला धैर्यशील थांबला.

“सगळे म्हणतात,” मी म्हटलं. “घण पडायचा, त्याच्यावर अन्वर वाजवायचा.”

“गप बसा सायब,” हिंदुराव मला म्हणाले. मी सवयीने गप्प बसलो. ते अन्वरकडे वळले. “घण काय आभाळातनं पडतुया व्हय? खाली माझा पाय हाय पायडलवर. तू म्होरं पळालास की मी पळायचो. तू बसलास की मी बसायचो. त्या पत्र्याला खिळ्याचं भोक हाय बघ, तितनं तुझा डावा हात दिसायचा मला. त्यो बघून मारायचो.”



“का पण?” अन्वरने विचारलं.

“मी हलगीवाला रं बाबा. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवत्यात बघितलंयस न्हवं? पैलवान खडाखडी करत्यात तवा हलगी सावकाश. पट काढला, डाव पडला, की हलगी सुटती. हलगी पैलवानाच्या मागनं जाती. हलगी वाजतीया म्हणून कुठला पैलवान डाव टाकतुया?” त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “तुमची गाणी मला काय कळत नव्हती. ह्यो,” धैर्यशीलकडे बोट करून, “कुत्रं मागं लागल्यागत वरडायचा. पण तू डाव टाकायचास. मग पाय गप कसा बसंल?”

धैर्यशील उठून बाहेर आला. “मामा, असं होणार नाही. घण कंपनीचा. तुम्ही ड्यूटीवर. आमच्या गाण्यासाठी तुम्ही मागंपुढं मारत होता?”

“त्ये एक रडकं गाणं हाय बघा तुमचं, लई सावकाश. त्यात माझं अकरा नग गार पडलं, वाकडं झालं. सायबानं तीन दिवस घरी बसवलं हुतं मला.” हिंदुराव म्हणाले. “चौथ्या दिवशी आलो तर तुम्ही त्येच वाजवत हुता.”

धैर्यशील हट्टी माणूस. त्याने खिशातून फोन काढला, दुसरा माझा घेतला. एकावर पहिल्या कॅसेटमधली ‘तांबडी राख’ लावली, दुसऱ्यावर टिकटिक. पंचवीस वर्षांत आम्ही अन्वरला घणाने मोजलं होतं. खुद्द घण मोजावा हे कुणाला सुचलं नव्हतं. दोन्ही एकदम सुरू झालं. दहा सेकंद एकत्र राहिलं. ध्रुपद आलं आणि घण, दोन टनांचा, टिकटिकीला मागे टाकून निघून गेला. कडव्याला परत आला, रेंगाळला, पुन्हा सुटला. अगदी आज पहिल्या खेपेला अन्वर जिथे जिथे सुटला होता तिथे तिथे.

धैर्यशीलने दोन्ही फोन बंद केले. त्याच्या चेहऱ्यावर, देवळात इतकी वर्षं चुकीच्या देवाला नारळ फोडत होतो असं कळलेल्या माणसाचा भाव होता.

“आणि आठवा?” त्याने बारीक आवाजात विचारलं. “आठवा ठोका तुम्ही रिकामा का सोडायचा, मामा?”

“तयार नग उचलून पेटीत टाकायचा. नवा लावायचा. त्याला येळ नको?”

नॉर्वेच्या गृहस्थांना हे आम्ही अजून कळवलेलं नाही.

“चौदा नग हायत,” हिंदुराव म्हणाले. “पावणेपाच झालं. बोलत बसायचं का?” आणि जाता जाता थांबून, “त्यो दिवा काढा माझ्या डोळ्याम्होरनं.”

आम्ही जागा घेतल्या. मी कानातून इअरफोन काढला आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा मला ऐकू यायला लागलं. भट्टीची घरघर. अन्वरचा श्वास. धैर्यशीलने मान हलवली. पलीकडून चिमटा वाजला, नग साच्यावर ठेवल्याचा आवाज आला.

आणि काहीच झालं नाही.

अन्वर घण पडायची वाट बघत होता. सवय. घण अन्वरची वाट बघत होता. मी पत्र्याच्या कडेच्या फटीतून बघितलं, पलीकडे साच्यावर नग लालभडक, मग तांबूस, मग काळवंडत चाललेला. हिंदुरावांचा बूट पायडलवर, आणि डोळे भोकाकडे. वीस सेकंद तरी गेली असतील.  गार नग पेटीत पडल्याचा आवाज आला. तेरा.

दुसरा नग लागला. पुन्हा तेच. अन्वरच्या कपाळावरून घामाचा थेंब ड्रमवर पडला. तोही मला ऐकू आला. दुसराही पेटीत गेला. बारा. गाण्याला तेरा लागतात, हे त्या शेडमध्ये प्रत्येकाला पाठ होतं.

तिसरा नग ठेवल्याचा आवाज आला आणि पत्र्याच्या पलीकडून, भट्टीच्या वरताण आवाजात, हिंदुराव ओरडले, “आरं, लाल हाय तवर मार की!”

अन्वरने मारलं.

घण त्याच क्षणी पडला. आधी नाही, नंतर नाही. अन्वर दचकला, पण हात थांबला नाही. दुसरा ठोका त्याने थोडा आधीच मारला, मुद्दाम, खात्री करायला. घण तिथेही हजर. तिसरा ओढून धरला. घणही ओढला. मी अन्वरचा चेहरा बघत होतो. मेळ्यात हरवलेल्या माणसाला आपलं बोट कुणीतरी घट्ट धरलंय हे कळावं तसा तो झाला होता. आणि मग ध्रुपद आलं आणि अन्वर पळाला. काय पळाला! महिनाभर ज्यासाठी त्याला शिव्या बसल्या तसाच, चौखूर. दोन टन लोखंड त्याच्यामागे पळालं. फरशी, पत्रा, लेथ, खिडकीतल्या बरण्या, सगळं एका हाताच्या मागे. सात ठोके. रिकामा. सात ठोके. रिकामा. धैर्यशीलचा आवाज वरच्या पट्टीत फाटला आणि तो तसाच फाटका गात राहिला. मी माझ्या बोटांकडे बघणं सोडून दिलं होतं. अन्वरच्या डाव्या हाताकडे बघत होतो. इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून मी तो हात पहिल्यांदाच बघत होतो.

शेवटचं ध्रुपद अर्धं झालं आणि बारावा नग संपला. रिकामा आठवा गेला. पुढच्या सातांतला पहिला यायला हवा होता. पलीकडे भट्टीचा पंखा बंद होताना कण्हला. घण नव्हता. अन्वरची मान झटकन पत्र्याकडे वळली, हात हवेत अडकला. मला विचार करायला वेळ नव्हता, नाहीतर मी केला असता. त्याचा हात खाली येताना दिसला तिथे मी सगळ्यात जाड तारेवर अंगठा मारला. पुढचा, पुन्हा. तो पळाला, मी त्याच्यामागे. सात. आणि गाणं संपलं.

 मग हिंदुराव पलीकडून आले.

“शेवटचं सात कुणी मारलं?”

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या गिटारकडे बघितलं. “ह्याला आवाज हाय व्हय?”

धैर्यशीलने रेकॉर्डिंग ऐकलं. दोनदा. मग तो हिंदुरावांच्या शेजारी उकिडवा बसला. “मामा, आवाज हाच. पण मंगळवारी घण भंगारात जाणार. पुण्याला काय करायचं? तिथं घण कुठनं आणू?”

“ह्यो कशाला हाय?” माझ्याकडे अंगठा करून हिंदुराव म्हणाले. “उगंच हुबं राहून पगार घेतुया. ह्याला लावा की मागनं जायला.” मग मला, समजुतीच्या सुरात, “सोपं हाय सायब. घड्याळाकडं बघायचं न्हाई. गड्याकडं बघायचं.”

सहाला पाच मिनिटं कमी असताना धैर्यशील फोन घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेला, ऐकू येणार नाही इतका लांब. तिथून तो हात हलवून त्यांच्या ड्रमरला नकार देताना दिसला. पलीकडच्या माणसाला तो हात दिसत नव्हता, पण आम्हाला दिसावा अशी त्याची इच्छा असावी. हिंदुराव चहाच्या टपरीवर जाऊन बसले होते. शेडमध्ये अन्वर आणि मी.

अन्वर पान्याने ड्रम सैल करत होता.

“मग्या.”

“हं.”

“सांग की आता.”

“काय?”

“दोन वाजता दारात धैर्यानं तुला जे सांगायला सांगितलं ते.” त्याने मान वर केली नाही. “पत्र्याची शेड आहे, लेका. इकडचं तिकडं ऐकू जातंय, एवढं तरी कळलं ना आज?”

मी बेस गिटार भिंतीला टेकवून ठेवली. ती घसरली, मी ती परत नीट उभी केली. तेवढा वेळ तो थांबला होता. दुपारी दोनपासून तो थांबलाच होता, तिन्ही खेपा.

“तू घाईत वाजवतोस,” मी म्हटलं.

“आणि?”

“आणि तसंच वाजव.”

अन्वरने पाना खिशात टाकला आणि दुपारी जिथे थांबली होती तिथून शीळ पुढे सुरू केली.